त्रेचाळीस कोरी पाने

एकदा एक वैद्य होता. तीन वाटा जिथे एकत्र येतात अशा एका बाजारगावात त्याचे घर होते, आणि तिन्ही वाटांनी रोगी त्याच्याकडे येत. पहाटे दार उघडायच्या आत ओट्यावर माणसे बसलेली असत आणि दिवेलागणीपर्यंत ती हलत नसत. वैद्याच्या हाताला गुण होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही चांगली ठाऊक होती. कोणी विचारले, "कसं काय, वैद्यबुवा?" तर तो म्हणे, "श्वास घ्यायला फुरसत नाही." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर किंचित समाधान असे. कामात बुडालेल्या माणसाला आपल्या बुडण्याचे कौतुक वाटते, त्यातलाच हा प्रकार.

त्याच्या घरात तिघेच होते. तो, त्याची विधवा थोरली बहीण अक्का, आणि मंजुळा, त्याची एकुलती एक मुलगी. पत्नी मुलगी दोन वर्षांची असतानाच गेली होती. मंजुळेचे लग्न ठरले होते. तुळशीची लग्ने आटोपली की मार्गशीर्षात तिचे लग्न व्हायचे होते आणि ती दोन घाट ओलांडून सासरी जायची होती. इतक्या दूर दिलेली मुलगी वर्षा-दोन वर्षांतून एकदा माहेरी आली तरी नशीब, हे सगळ्यांना माहीत होते. वैद्यालाही माहीत होते, पण त्यावर विचार करायला त्याला वेळ झाला नव्हता.

श्रावणातल्या एका दुपारी तो एका आडगावाहून रोगी पाहून परतला. मागच्या दाराने आत आला, तर विहिरीपाशी एक तरुण मुलगी पाणी शेंदत होती. डोळे काळेभोर, हनुवटीवर लहानसा व्रण, अंगावर जुने हिरवे लुगडे. वैद्य थांबला आणि सवयीने म्हणाला, "कोणाची गं तू? घरी कोण आजारी आहे?"

मुलीने पोहरा काठावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी मंजुळा."

वैद्य हसला. उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी आली, असे काहीसे बोलला. पण आत जाऊन बसल्यावर त्याला प्रश्न पडू लागले. हनुवटीवरचा व्रण कधी झाला? कसला? लुगडे तिच्या आईचे होते, ते ती कधीपासून नेसू लागली? त्याने मागची चार वर्षे आठवून पाहिली. पाऊस आठवला, साथी आठवल्या, कोणत्या गावाला किती रोगी होते तेही आठवले. मंजुळेबरोबरचा एकही दिवस आठवला नाही. त्याने स्वतःची नाडी पाहिली. ती उत्तम चालत होती. आठवडाभर त्याने ब्राह्मीचा रस घेतला. तो घेतल्याने जुने श्लोक धडाधड आठवू लागले, मुलगी मात्र आठवेना.

मग तो गावाबाहेरच्या म्हाताऱ्या चिताऱ्याकडे गेला.

हा चितारी एके काळी देवळांच्या भिंती रंगवीत असे. आता त्याचे हात कापत. नदीच्या उतारावरच्या त्याच्या एका खोलीच्या घरात जमिनीपासून आढ्यापर्यंत वह्या रचलेल्या होत्या. सुताने शिवलेल्या, जाड कागदाच्या. बासष्ट वर्षे त्याने रोज एक चित्र काढले होते, आणि लोक सांगत की त्याला त्यातला प्रत्येक दिवस आठवतो. लोक असेही सांगत की त्या खोलीत एकट्याने बसू नये.

वैद्याने सगळे सांगितले. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले. तो उठला, भिंतीपाशी गेला, चाचपडत एक वही ओढली आणि एक पान उघडून वैद्यापुढे धरले. पानावर एक फुटलेला माठ होता आणि त्याच्या शेजारी कोणा बाईच्या पदराचा काठ. बस्स, इतकेच.

"चैत्रातला मंगळवार," म्हातारा म्हणाला. "तू सहा वर्षांचा. तुझी आई तुला रंग दाखवायला घेऊन आली होती. तू धावत आलास आणि माठाला धडकलास. सगळं पाणी तिच्या पायांवर. मला वाटलं, आता पोराला चोप बसणार. तर ती हसतच सुटली. भिंतीला टेकून हसली."

वैद्याला आई आठवत होती ती अंथरुणाला खिळलेली. तो सात वर्षांचा असताना ती गेली. आईला हसताना आपण कधी ऐकलेच नाही, असे तो आयुष्यभर समजत आला होता.

आणि तेव्हा खोलीच्या मागच्या भिंतीपाशी कोणीतरी हसले. अगदी खालच्या आवाजात, तोंडावर पदर धरून हसावे तसे. वैद्य झटकन वळला. मागे फक्त वह्या होत्या. त्याने पानावर हात ठेवला, तर ते गार लागले, आणि खोलीत ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. वैद्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी त्याचे डोळेही भरून आले. कशाने, हे त्याला सांगता आले नसते.

"मला हे शिकवा, आजोबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने एक कोरी वही, बोरूची लेखणी आणि काजळीची शाई त्याच्या हाती दिली. "रोज एक चित्र. बोटभर काढलंस तरी चालेल. काही सुचलं नाही तर नुसती एक रेघ मार, पण समोर बघून मार. तिन्हीसांजा व्हायच्या आत. आणि वेळ ठरवून घे."

"वेळ मिळाला की काढीनच."

"वेळ मिळत नसतो, वैद्या. असो. एक गोष्ट लक्षात ठेव. एखादा दिवस राहिला, तर त्याचं पान कोरं सोड आणि पुढे जा. कोऱ्या राहिलेल्या पानाला पुन्हा हात लावू नकोस."

"का?"

म्हाताऱ्याने दिवा सारखा केला. "नकोस एवढंच."

पहिल्या दिवशी वैद्याने अंगणातली गाय काढली. मंजुळेने ती खांद्यावरून वाकून पाहिली आणि गंभीरपणे विचारले, "ही खाट कोणाची, बाबा?" वैद्य आधी चिडला आणि मग त्याला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्याने तिला समोर बसवून तिची हनुवटी काढली. व्रण कसला ते विचारले. "चिंचेवरून पडले होते. तुम्हीच टाका घातलात की," ती म्हणाली. वैद्याने तो व्रण नीट, हलक्या हाताने काढला. मंजुळा डाव्या हाताने वेणी घालते, कांदा चिरताना ओठ घट्ट मिटते, खोटे बोलताना उजवा कान चोळते, हे सारे त्याला त्या दिवसांत कळले. चित्रे वाईटच होती. तरी ती काढताना तो तिथे होता, आणि असे अकरा दिवस झाले.

बाराव्या दिवशी भाद्रपदातला ताप आला.

वर्षाआड येणारा ताप तो, पण यंदा त्याने तिन्ही वाटांवरची गावे धरली. ओटा पुरेना म्हणून माणसे अंगणात निजवली. काढ्यांची मडकी दिवसभर चुलीवर. वैद्य पहिल्या दिवशी म्हणाला, उद्या काढू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. पुढे ते म्हणायचेही राहून गेले. आश्विन अर्धा सरला तेव्हा ताप ओसरला. वैद्याने वही उघडली. त्रेचाळीस पाने कोरी होती.

ती कोरी पाने पाहून त्याला फार शरम वाटली. जिच्यासाठी वही घेतली ती आता दीड-दोन महिन्यांची पाहुणी होती, आणि इथे सगळे पांढरे पडलेले. म्हाताऱ्याचे बोलणे त्याला आठवत होते. पण वैद्य कर्तबगार माणूस. कर्तबगार माणसाला वाटते की मागे पडलेले कोणतेही काम एका बैठकीत मार्गी लावता येते. त्याने एक दिवस दार लावून घेतले, शाई घोटली आणि सकाळपासून उन्हे कलेपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाने भरून काढली.

काय काढले? जे घडलेच असेल ते. मंजुळा रांगोळी घालते आहे. मंजुळा तुळशीला पाणी घालते आहे. मंजुळा मागच्या पडवीत केस विंचरते आहे. मुली जे करतात तेच ही करीत असणार, असा त्याचा हिशेब. हात आता बसला होता, त्यामुळे रेषा सफाईदार आल्या. आधीच्या अकरा चित्रांपुढे ही फारच देखणी होती. चेहरा मात्र नेमका आठवत नव्हता, म्हणून बहुतेक पानांवर त्याने तिला पाठमोरी काढली. वही मिटताना त्याला मोठे काम हातावेगळे केल्याचे समाधान झाले. आता दिवाळीपर्यंत चिंता नाही, असे म्हणून त्याने ती फडताळात ठेवली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सूर्य बुडता बुडता, वैद्य खल घासत ओट्यावर बसला होता. त्याने आत पाहून हाक मारली, "मंजुळे, मध आण गं."

"ओ," आतून उत्तर आले.

मध काही आला नाही. थोड्या वेळाने मंजुळा आली, पण ती समोरून, नदीकडून, कमरेवर घागर घेऊन. "आत्ता आत होतीस ना?" वैद्याने विचारले.

"मी? मी मघापासून घाटावर आहे."

अक्का वाती वळत होती. तिचे हात थांबले. "तिन्हीसांजेला घरातल्या माणसाला अशी मोठ्यानं हाक मारू नये," ती म्हणाली. "आणि कोणी मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. इतकी वर्षं ओरडतेय मी. या घरात माझं ऐकतं कोण?"

पुढच्या दिवशी अक्का म्हणाली की मंजुळेने दारात फार सुबक रांगोळी घातली आहे. दारात रांगोळी नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी तुळशीचा ओटा ओला होता आणि मंजुळा सकाळपासून तापाने अंथरुणात होती. वैद्याने तिची नाडी पाहिली. ताप साधाच होता. पण नाडी इतकी क्षीण लागली की त्याला दोनदा बोटे सरकवावी लागली. "मला कसंतरीच होतंय, बाबा," ती म्हणाली. "मी बोलते ते तुम्हाला ऐकू येतंय ना?" वैद्य म्हणाला, येते आहे. खरे तर त्याला वाकून ऐकावे लागत होते.

तो मागच्या पडवीत आला. उन्हे उतरली होती. पडवीच्या टोकाला मंजुळा पाठमोरी बसून केस विंचरत होती.

वैद्य जागच्या जागी उभा राहिला. हिरवे लुगडे तेच होते, बसण्याची लकबही तीच, त्यानेच तर काढली होती. फणी वरून खाली जात होती, पुन्हा वरून खाली. उजव्या हाताने. मंजुळा डावखुरी आहे, हे त्याच्या मनात आले. आपले तोंड आपल्याला न विचारता उघडते आहे, हे त्याला जाणवले. "मंजुळे," तो म्हणाला.

"ओ," ती म्हणाली. वळली नाही.

सगळ्यांत भयंकर गोष्ट त्याला पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगता आली नाही. त्या क्षणी त्याला भीती वाटली, पण बरेही वाटले. ही कुठे जाणार नव्हती. हिने कधी विचारले नसते की बाबा, तुम्ही कुठे होता. हाक मारली की ओ, आणि पुढे काही नाही. तो तिथे किती वेळ उभा राहिला कोण जाणे. आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा तो भानावर आला. आणि खोकणाऱ्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणू गेला, तर फणी फिरवणारी पाठ तेवढी दिसली.

तो धावत फडताळाकडे गेला, वही काढली आणि तसाच, अनवाणी, नदीच्या उताराकडे निघाला.

चिताऱ्याने वही हातात घेतली आणि बोटांनी नुसती कडेवरून चाळली. डोळ्यांनी त्याला आता फारसे दिसत नव्हते. "भरलीस," तो म्हणाला. वैद्याने मान खाली घातली. बाहेर अजून थोडा उजेड होता. म्हाताऱ्याने वही उंबऱ्यावर ठेवली, वैद्याला तिच्यासमोर बसवले आणि म्हणाला, "एकेक पान उलट आणि लेकीला हाक मार."

"इथे? ती घरी अंथरुणात आहे, आजोबा."

"मार म्हणतो ना."

वैद्याने पहिले पान उघडले. खाटेसारखी गाय. त्याने हाक मारली. "मंजुळे." ओ कोणी दिली नाही. पण कुठून तरी हसू ऐकू आले, आणि शब्द, "ही खाट कोणाची, बाबा?" दुसऱ्या पानाला चिंचेचा आंबट वास आला. तिसऱ्या पानावर चुलीत काहीतरी तडतडले आणि मंजुळा चटका बसल्यागत "स्स" म्हणाली. प्रत्येक पान निराळे बोलत होते. अकराही पाने अशी झाली. वैद्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मग त्याने बारावे पान उलटले. सुरेख रांगोळी, पाठमोरी मुलगी. "मंजुळे."

"ओ."

आवाज नदीकडून आला होता. तेराव्या पानावर पुन्हा "ओ", तशीच, त्याच पट्टीत, त्याच लांबीची. चौदाव्या पानालाही तेच. त्यात राग नव्हता, हसू नव्हते, झोप नव्हती. तिसाव्या पानाच्या सुमारास वैद्याच्या ध्यानात आले की प्रत्येक ओ आधीच्याहून थोडी जवळून येते आहे. पहिल्या काही नदीकडून आल्या होत्या, मग बांधावरून, मग बाभळीपासून. पन्नासाव्या पानाची ओ अंगणातून आली. शेवटची त्याच्या मानेमागून आली, इतक्या जवळून की कानाला गार लागले.

"मागे वळू नकोस," चितारी म्हणाला. त्याने खडूची पांढरी माती कालवलेले एक वाडगे पुढे सरकवले, त्यात जाड कुंचला होता. "आता ही त्रेचाळीस पांढरी कर. तुझ्या हातानं. एकही सोडू नकोस."

"फाडून टाकू का?"

"फाडलीस तर ते दिवस नव्हतेच असं होईल. दिवस होते. पांढरी कर."

वैद्याने कुंचला उचलला. रांगोळी पुसली गेली, तुळस पुसली गेली. फणी धरलेला हात पुसताना मागे कोणीतरी श्वास आत ओढल्याचे त्याने ऐकले. "मग माझ्याजवळ काय राहिलं, आजोबा?" तो कसाबसा म्हणाला. "दीड महिना नुसता पांढरा."

म्हातारा त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसला.

"ऐक," तो म्हणाला. "प्रत्येक दिवस जाता जाता माणसाला एकदा हाक मारतो. मोठ्यानं नाही, हळू मारतो. त्याला तोंडानं ओ द्यायची नसते, हातानं द्यायची. आपण समोर बघून रेघ मारतो ती त्याची ओ. ओ ती केवढीशी असते? सुंदर असायला लागत नाही, मोठी असायला लागत नाही. फक्त हाक मारणारा दारात उभा आहे तोवर द्यावी लागते. तू काय केलंस? दीड महिन्यापूर्वीच्या हाकांना एका दुपारी ओळीनं ओ देत बसलास. हाक मारणारे दिवस केव्हाच निघून गेले होते. पण तुझी ओ कोणीतरी ऐकलीच. ज्याला कोणी हाक मारत नाही, असं काही ना काही दाराबाहेर नेहमी असतं. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं."

वैद्याने शेवटचे पान पांढरे केले आणि कुंचला वाडग्यात ठेवला.

"तू वैद्य आहेस," म्हातारा पुढे म्हणाला. "रोग्यानं चार दिवस मात्रा घेतली नाही, तर पाचव्या दिवशी पाची एकदम देतोस?"

"नाही," वैद्य म्हणाला. "विष होईल." आणि हे बोलताना त्याला सगळे उमगले.

"चुकलेली सोडायची, आजची घ्यायची. हे तू गावाला सांगतोस. कोरं पान म्हणजे पाप नाही, वैद्या. तू तिथे नव्हतास एवढंच ते सांगतं, आणि खरं सांगतं. ते कोरं राहू दे. त्यात दुसऱ्या कोणाला राहायला जागा देऊ नकोस." तो उठला. "तुझ्या मागे उभी आहे ती आता जाईल. पण तू तिला एकदा हाक मारून बसला आहेस. ती पुन्हा विचारायला येईल, तुला सगळ्यांत जास्त हवीशी वाटेल त्या वेळी. तेव्हा तोंड मिटून ठेव, आणि समोर जे असेल तेच काढ."

त्या रात्री मंजुळेचा ताप उतरला. सकाळी तिने आत्याशी कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून कडाक्याचे भांडण केले. तिचा तो खणखणीत आवाज ओट्यावर बसून ऐकताना वैद्याला इतका आनंद झाला की समोरच्या रोग्याला तो दोनदा "जीभ दाखवा" म्हणाला.

उरलेल्या दिवसांत त्याने वेळ ठरवून टाकला. रोज दुपारी एक काढा चुलीवर चढे. तो मंद आचेवर आटत आटत आठवा हिस्सा उरेपर्यंत वैद्याला काही करायचे नसे, नुसते मडक्याकडे पाहत बसायचे असे. इतकी वर्षे तेवढ्या वेळात तो पुढच्या कामांची चिंता करीत आला होता. आता मडके चढले की तो वही घेई. ओटा भरलेला असो, माणसे कण्हत असोत, वही उघडायची आणि काढा उतरला की मिटायची. एके दिवशी फक्त मंजुळेची बांगडी जमली. एकदा ती घरी नव्हती, तर तिची रिकामी पाटावरची जागा काढली. एका दिवशी नदीपलीकडच्या बाळंतिणीसाठी धावावे लागले. त्या दिवसाचे पान कोरे राहिले, आणि त्याने ते तसेच सोडले. सोडताना जीव तुटला, पण सोडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मंजुळा वही घेऊन बसली. खाटेसारखी गाय पाहून हसली, हनुवटीच्या चित्रापाशी थांबली. मग पांढरी पाने सुरू झाली. ती एकेक उलटत राहिली. खडूचा चुरा तिच्या बोटांना लागला.

"ही कसली, बाबा?"

"तेव्हा मी इथे नव्हतो."

मंजुळेने बोटांचा चुरा पदराला पुसला. "मी होते," ती म्हणाली.

लेकीने त्याच्या गुडघ्यावर डोके टेकले. चुलीवर काढा आटत होता. वैद्याने वही ओढून घेतली आणि तिच्या केसांचा भांग काढला, डावीकडे जरा वाकडा, जसा होता तसाच.

दुसऱ्या दिवशी ती गेली. बैलगाडीची चाके वळणावर दिसेनाशी झाली. अक्का आत जाऊन पडली. पाहुणे आपापल्या वाटेला लागले. वैद्य मागच्या पडवीत येऊन बसला. घर इतके रिकामे त्याने कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी काढा चढला नव्हता, वही उघडायची राहिली होती, आणि ऊन अंगणातून निघून चालले होते.

"बाबा," कोणीतरी म्हणाले.

पडवीच्या टोकाला हिरवे लुगडे होते. केस मोकळे सोडलेले. फणी वरून खाली.

"बाबा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाजात थोडे हसूही होते. ते ती इतक्या दिवसांत कुठून शिकली होती कोण जाणे.

वैद्याला एक अक्षर, एवढेच तर द्यायचे होते. मग घर रिकामे राहिले नसते. दोन घाट मध्ये आले नसते. म्हातारपणी हाक मारायला कोणीतरी असते, न चुकता ओ देणारे. त्याचे ओठ हलले. त्याने दातांनी ओठ धरला, इतका की रक्ताची चव आली, आणि मांडीवरची वही उघडली.

समोर पाहून त्याने रेघ मारली. विहिरीचा काठ. रहाट. काठावर तिने सकाळी ठेवलेला पोहरा, त्यात अजून वीतभर पाणी. तुळस. तुळशीपासून पडवीच्या टोकापर्यंतची सारवलेली जमीन, त्यावर काही नाही. ते 'काही नाही' काढायला त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. डोळ्यांतले पाणी पानावर पडून शाई पसरली, ती त्याने पसरू दिली.

तिसरी हाक आली नाही. त्याने मान वर केली तेव्हा पडवी मोकळी होती आणि अंगणात उजेडाची शेवटची पट्टी उरली होती. दिवस दारात अजून उभा होता. वैद्याने वहीवर हात ठेवला. पान गार लागले, आणि त्यातून, दूर घाटाच्या वाटेवरून यावी तशी, चाकांची कुरकुर आणि एका मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती, उजवा कान चोळत कोणाला तरी सांगत होती की मी रडत नाही. ही मंजुळा होती. वैद्याने तिला ओळखले.

ही गोष्ट तुम्ही ज्या वेळी वाचत असाल, त्या वेळी तिन्हीसांजा व्हायला बहुधा थोडा अवकाश असेल.